आधी दुबळा हात

नगर, १९४६

ती. दादांस,

सदऱ्याला बटणं लावायची टूम ज्याने काढली, त्याला एकदा अर्धांगवायू व्हावा, एवढीच माझी नम्र मागणी आहे. आज चारही बटणं मी डाव्या हाताने लावली आणि दमून पुन्हा आडवा झालो.

दवाखान्यातल्या पुष्पावतीबाई मला कपडे घालायला आणि जेवायला नव्याने शिकवतात. मी चांगला हात आधी बाहीत घालून अडकायचो. त्या म्हणाल्या, "मास्तर, दुबळ्याला आधी वाट द्या." आपल्या घरात ही रीत कधी नव्हती.

तुम्ही मला पुण्याला नेणार, म्हणजे सुमेधा सुटेल. खरंच थकली आहे ती. वर्षभर ती आधी मला भरवते, मग स्वतः गार भाकरी खाते. तरी मला माझ्या बायकोजवळच राहायचं आहे. या वयात हे कळवायची लाज वाटते, म्हणून हे पत्र पेटीत पडणार नाही.

आज तिला आधी पाटावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी तिच्या ताटात वाढली.

"अगंबाई, डाव्या हाताने?"

"उजवा रजेवर आहे."

ती हसली आणि तिने ऊन भाकरी मोडली. मी नंतर जेवलो.

आपला, तूर्त डावखुरा,
यज्ञेश्वर