दोन पायडलांची गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज गाडीनं दगा दिला! औंढ्याच्या अलीकडचा चढ. पुढे उसाच्या जोडट्रॉल्या, मागे मी, शेजारी अनुसूया. रस्ता मोकळा पाहून गाडी बाजूला काढली आणि पायडल तळापर्यंत दाबलं. एरवी अशा वेळी गिअर आपोआप खाली उतरतो, गाडी हुंकारते आणि झेप घेते. आज काही नाही. रांगतच राहिली. आणि समोरून टेम्पो! परत ट्रॉलीच्या मागे कसा शिरलो ते नागनाथाला माहीत. उसाचं एक टिपरू काचेवर येऊन पडलं.

घरी आल्या आल्या अनुसूयेनं हरीशला सगळं सांगितलं. आमचा लेक रागावला की आवाज चढवत नाही, उतरवतो. "आबा, मागच्या टायमालाच बोलणार व्हतो मी." — मागच्या टायमाला काय झालं होतं? पंक्चर असावं. "शिवरात्रीच्या आत तो चढ बराबर चढून दाखवली तर चालवा. न्हाई तर ताडपत्री टाकून ठेवू." किल्ली माझ्या खिळ्यावरून काढली, स्वतःच्या खिळ्याला अडकवली.

डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. क्लचची गाडी या जन्मात नाही. ही जुनी अमेरिकन, दोनच पायडलांची, हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून आणली तेव्हा हरीश रांगत होता. ती थांबली की मी ओसरीपुरता.

३ फेब्रुवारी

गुरांच्या हौदाचा कोपरा फुटलाय. कोणी फोडला म्हणून विचारलं. सगळे गप्प! ट्रॅक्टरवाल्याचं काम असणार.

गुंजनच्या परीक्षेच्या पॅडचे कोपरे कानशीनं घासून गोल केले. टोचणारा कोपरा मला बघवत नाही. घासता घासता तिला तिसरीतली पाखराची कविता म्हणून दाखवली. सगळी, एक शब्द न चुकता. नात म्हणते, "आजोबा, कालच म्हटली की तुमी." म्हटली असेन. चांगली कविता दोनदा म्हणावी.

५ फेब्रुवारी

वसराम आला. कनेरगाव नाक्यावर ढाब्यामागं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे त्याचं. दोन पायडलांच्या गाडीला हात लावणारा आसपास तोच एक — जमतं म्हणून नव्हे, भीत नाही म्हणून.

बॉनेट उघडून आम्ही दोघं आत डोकावलो. कार्बोरेटरपासून एक सळई निघते आणि खाली गिअरबॉक्सच्या कुशीतल्या एका लहान दांड्याला जाऊन मिळते. पायडल पूर्ण दाबलं की सळई ओढली जाते, आणि गिअरबॉक्सला कळतं, मालकाला घाई आहे! याला किकडाऊन म्हणतात. वसराम म्हणतो, लाथेचा रॉड.

सळईच्या सांध्यातल्या नायलॉनच्या बुशचा भुगा झालेला. शेडमध्ये हळदीची पोती असतात. बुशच्या जागी ग्रीस आणि हळदीचा लगदा. "आबा, गिअरला नवरदेव करून ठेवलं की तुमी!" ठिबकच्या नळीचा तुकडा कापून त्यानं नवा बुश केला. मग कार्बोरेटरचा दांडा हातानं शेवटपर्यंत ओढला. सळई खालपर्यंत बरोबर गेली. "झालं काम! इमान हाय आता हे."

जाता जाता पुढच्या बंपरचा पोचा त्यानं अंगठ्यानं चाचपला. "हे कशाला ठोकलं?"

मी म्हणालो, मी नाही, बाजारात कोणीतरी. अनुसूया चहा घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे पाहिलं, कप ठेवला, आत गेली.

७ फेब्रुवारी

कसलं विमान! हरीशकडून तेवढ्यापुरती किल्ली मागून घेतली, नाक्याच्या रस्त्यावर वसरामला शेजारी बसवून दाबून पाहिलं. तेच रांगणं. वसरामनं सळईचा नट आवळला. आता गिअर बदलायला उशीर, आणि बदलला की मानेला हिसका. नट सैल केला. आता इतका लवकर बदलतो की गाडी पेंगते. पुन्हा आवळला. ढाब्यावरचे लोक खुर्च्या रस्त्याकडे वळवून बसले. एक जण ओरडला, "आबा, त्याच्यापरीस बैल जुंपा!"

वसराम घाम पुसत म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवून नांदेडला न्यावा लागंल." ही गाडी उतरवली की परत चढत नसते. नको म्हणालो.

येताना शाळेतल्या चालीवर ओळी सुचल्या —

पायडल खाली, पायडल वर,
गाडी म्हणते, सावकाश कर!

बऱ्या आहेत. मात्रा एका जागी लंगडते. माझ्यासारखीच.

९ फेब्रुवारी, सोमवार

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो नाही. पहिलाच सोमवार असेल असा. ओसरीतून हळद शिजवायच्या कढईची वाफ दिसत राहिली. पिवळी सकाळ.

११ फेब्रुवारी

सापडलं!

वसराम पुन्हा आला. गाडीनं आपल्याला हरवलेलं त्याला आवडत नाही. या वेळी मला सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकला. गाडी बंदच.

"दाबा आबा!"

"दाबलंय."

"पुरं दाबा की!"

"पुरंच दाबलंय!"

"मंग हे अर्ध्यातच काहून थांबून राहिलं?"

हातानं ओढलं की दांडा शेवटपर्यंत जातो, पायानं दाबलं की अर्ध्यात थांबतो. म्हणजे दोष माझ्या पायापाशी. आम्ही सहा दिवस भलतीकडेच नट आवळत बसलो! वसरामनं येऊन पायाखालची चटई उचलली. पायडलाच्या बरोबर खाली, तळाला दोन पितळी स्क्रूंनी बसवलेला सागाचा ठोकळा. खडखडू नये म्हणून कापडात गुंडाळलेला. कापड अनुसूयेच्या जुन्या मोरपंखी साडीचं. मी ओळखलं.

वसराम हसून हसून चाकाला टेकला. "काकूनं ब्रेक लावला तुम्हाले!"

कुणाला बोलू नको म्हणून त्याला बजावलं. ठोकळा काढला, सळई पहिल्या मापावर आणली. आता पायानं दाबलं तरी दांडा शेवटपर्यंत जातो.

काम मात्र नीट आहे. कोणा सुताराकडून गुपचूप करून घेतलं असणार. ठोकळा माझ्या पेटीत ठेवला.

१२ फेब्रुवारी

राग नाही. पण इतकी वर्षं शेजारी बसून, माझ्या पायावर भरवसा नाही! आणि त्या लाकडापायीच टेम्पोसमोर गाडी अडली, हे तिच्या गावीही नाही.

ती विचारते, "काहून गप?" म्हणालो, काही नाही.

१३ फेब्रुवारी

ज्वारीची भाकरी, पिठलं. दुपारी चौथीतली होडीची कविता आठवत बसलो. मास्तर टेबलावर छडीनं ताल द्यायचे, तो तालसुद्धा ऐकू आला.

ठरवलं, चढावर जाऊन बोलायचं. तिथं ती उतरून जाऊ शकत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या शिवरात्र. उद्या त्या रस्त्यावर मुंगीला जागा नसते, म्हणून परीक्षा आजच. हरीशनं किल्ली दिली. "आबा, दमानं." अनुसूया शेजारी. पदर खोचलेला, हात दाराच्या मुठीवर.

चढ आला. पुढे पुन्हा उसाच्या ट्रॉल्या, जणू त्याच वाट पाहत थांबल्या होत्या. समोर रस्ता रिकामा. दाबलं. पाय पार तळाला टेकला. क्षणभर गाडीनं श्वास धरला, मग गिअर खाली उतरला आणि काय झेप ती! ट्रॉल्या, ट्रॅक्टर, वरचं लाल फडकं, सगळं मागं. शाळा सुटल्यावर फाटकातून पळणाऱ्या पोरांत एका पायाचा मी सगळ्यांच्या पुढं. असं कधी झालं नव्हतं. आज झालं.

वर जाऊन गाडी कडेला घेतली. खाली तुरीची काढलेली रानं, त्यांच्यावर ऊन. म्हणालो, "तुझं लाकूड काढून टाकलं मी."

"माझं?"

"साडी तर तुझीच की!"

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घरी चला. हळू."

१५ फेब्रुवारी

सकाळी ती ओसरीत येऊन बसली. म्हणाली, "तुमीच बसवलं व्हतं ते. दिवाळीच्या तोंडावर. ब्रेक म्हणून भलतंच पायडल दाबलं अन् गाडी हौदावर घातली. हरीश अन् गुंजन बघत व्हते. दुसऱ्या दिवशी तुमीच लाकूड घासत बसले, माझी साडी मागून घेतली. म्हणाले, पाय ऐकत न्हाई, अनु, गाडी तरी ऐकंल. मंग वसरामपुढं 'बाजारात ठोकलं' म्हणाले, मला वाटलं लाजून म्हणून राहिले."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

किल्ली हरीशच्या खिळ्याला लावून आलो. पेटीतून ठोकळा काढून पाहिला. कोपरे घासून गोल केलेत.