आत्याच्या स्वादुपिंडातला काळसर पट्टा

चिखली, मंगळवार संध्याकाळ

आत्याच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात काळसर पट्टा दिसला आणि माझा हात थांबला. पोट दुखतं म्हणून ती डोणगावहून आली होती. भाचीच डॉक्टर, म्हणून निर्धास्त.

"काऊन गप झाली वं? काय दिसलं तुले?"

"गॅस हाय, आत्या," म्हणाले. खोटं.

तिला पाणी पाजलं, कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं. पट्टा तिथंच. पण त्याची कड सरळ होती, शेजारची पित्तनलिकाही कॅन्सरच्या गाठीनं दबते तशी दबलेली नव्हती. गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांतून वाढतं, मग ते जुळतात. मागच्या कोंबात चरबी कमी असली, तर आजार नसतानाही तेवढा भाग काळसर दिसतो. बहुधा तेच.

बहुधा? की आत्या आहे म्हणून मला तेच हवंय? दुसरी कुणी असती, तर सीटी स्कॅन लिहून दिला असता ना मी? त्या पट्ट्यापेक्षा आता माझाच मला जास्त संशय येतोय.

शेवटी सीटीची चिठ्ठी लिहिली आणि तिला म्हणाले, "आत्या, मघाशी खोटं बोलली मी. एक डाग हाय. बहुतेक जन्मापासूनचा असंन, पण मले खात्री नाही. सीटी करू."

तिनं चिठ्ठी हातात घेतली. "गॅस म्हणली तवाच समजलं मले. आता खरं बोलली, तर जातो. पण तू संग ये."

उद्याचे सगळे पेशंट परवावर टाकलेत.