दोन आस्मानी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. नवीन जालन्यातल्या आमच्या घरात पोराची आणि सुनेची खोली रंगवायला काढली आहे. सुनेनं भिंतीवर दोन फिक्या आस्मानी रंगांचे पट्टे शेजारी-शेजारी मारून घेतले आणि मला हाताला धरून नेलं. ‘‘आत्याबाई, कोणता बराय? एक जरा हिरव्याकडं जाऊन राह्यला, बगा.’’ मला एकच पट्टा दिसला, माय. तोंडातून आपोआप निघालं, ‘‘तुला राहायचंय, तूच सांग.’’

हे वाक्य तुझं. मी पहिल्या बाळंतपणाला शहागडला आले, तेव्हा तू माझ्या खोलीला चुना देणार होतीस. एका डब्यात नीळ कमी, एकात जास्त. दोन्हींचा एकेक हात भिंतीवर मारलास, वाळू दिलास आणि मला पुढं केलंस. ‘‘तुला राहायचंय, तूच सांग.’’ मी केवढी फुगले! सासरी मला भाजी कोणती करायची हेही कुणी विचारत नव्हतं. लेकीला विचारणारी माझी माय, म्हणून मी जन्मभर सांगत आले. पुढं पंगतीत कुणाच्या तरी ताटात फुलकोबीतली अळी निघाली आणि वहिनी तुला म्हणाली, ‘‘तुमाला दिसत न्हाई आता. बसा निवांत, मी करते समदं.’’ चांगल्या मनानंच म्हणाली. तू ओसरीवर लसूण सोलायला बसलीस, ती चुलीपुढं पुन्हा गेली नाहीस. तरी तू तो रंग माझ्यावर का सोडला होतास, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आत्ता आलं.

मोतीबिंदू काढून मिळतो, हे मला ठाऊक आहे. ऑपरेशनची भीती नाही. पण आधी घरात सांगावं लागेल, आणि सून प्रेमानंच माझ्या हातातली कढई काढून घेईल. एकदा घेतलेली कढई कोण परत देतं? म्हणून डाळ बोटांनी चाचपून निवडते आणि कुणी आलं की हात आवरते.

सून भलतीच खुशीत आहे. शेजारणीला सांगत होती, ‘‘आत्याबाईनं रंग बिलकुल माझ्यावर सोडला. अशी सासू मिळत न्हाई.’’ शेजारीण कौतुकानं बघत राहिली आणि मी हसून मान डोलावली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आज खोली रंगवून झाली. सगळ्यांबरोबर मीही बघून आले, छान झाली म्हणाले. दोनातला कोणता लावलाय, तेवढं मात्र विचारू नकोस.