रिठ्यानं धरून ठेवलेला वाळा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रिठे उकळायला लागले की मी आपली पनवेलच्या त्या मागच्या खोलीत. खिडकी नाही, डोळ्यांत धूर, आणि ढवळत बसलेली मी. तपकिरीनं तुमचं नाक पार मेलेलं. म्हणून सातवी पास झाल्याबरोबर मला घरी बसवलंत. "आपलं शिकेकाई-उटण्याचं दुकान तुझ्या नाकावर चालतं गं," म्हणायचात, वर कौतुकानं! मला ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. असा राग यायचा ना!

मग तुम्ही रिठ्याचं पाणी बाटल्यांतून विकायचं काढलंत, वाळ्याचं अत्तर घालून. अत्तर ओतावं आणि वास गायब! उरणहून मासळी घेऊन येणारी कोळीण बूच काढून हुंगते, बाटली परत ठेवते. "याला तं वासच नाय, अण्णा. हाताचा मावऱ्याचा वास कसा जायाचा?" तुम्ही आणखी अत्तर घालता, मी हुंगते, मान हलवते.

एकदा उरलेलं ते पाणी मी केसांना चोळलं आणि वरून तांब्याभर साधं पाणी ओतलं. अहो, मोरीभर वाळा! दाट रिठ्यानं अत्तर पोटात धरून ठेवलं होतं. पातळ झाल्यावर कुठे ते सुटलं. गिऱ्हाइकापुढे वाटीभर पाण्यात चार थेंब टाकून दाखवले असते, की झालं. तुम्हाला सांगायला धावले आणि दारातच थांबले. बाटल्या खपल्या असत्या तर मी त्या खोलीतून जन्मात सुटले नसते.

तुम्ही अंगणात बादलीत त्या बाटल्यांतल्याच पाण्यानं भरलेले हात धूत होता. कोपरापर्यंत फेस. "पोरी, बघ गं, येतोय का काही वास?" ओले हात माझ्या नाकाशी धरलेत.

"नाही," म्हटलं.

तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीत. दिवाळीच्या आत बाटल्यांचा नाद सोडलात. मला वाटलं, आता ट्रेनिंग. तुम्ही महिन्याभरात माझं लग्न लावून दिलंत. या घरातही रिठे मीच उकळत आले, आधी सासूबाईंसाठी, आता नातींसाठी. तुमच्यावरचा राग अजून आहे, आणि तुमचे ते ओले हातही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

हा कागद कुठे धाडणार? रिठ्यांच्या डब्यात तळाशी ठेवते. वास येत होता, अण्णा. घमघमत होता.