ओळ सांगितली की दार उघडायचं

१४ जून
आलो एकदाचा लातूरला! सकाळी हदगावहून एसटीनं निघालो, नांदेडला गाडी बदलली आणि उन्हं कलायच्या आत मन्मथच्या वसतिगृहाच्या फाटकात उभा. मन्मथ माझा जुना विद्यार्थी. किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यात मी मराठी शिकवायचो, तेव्हा तो सातवीत होता आणि व्याकरणाच्या तासाला झोपायचा. आता त्याचं तीन मजली मुलींचं वसतिगृह आहे आणि तो मला झोपू देत नाही. घरी एकटे बसून काय भिंतींना कविता म्हणून दाखवता गुरुजी, इथं येऊन माझ्या पोरींवर लक्ष ठेवा, असा वर्षभर धोशा. काम एवढंच: संध्याकाळी हजेरी घ्यायची आणि फाटकाला कुलूप घालायचं.

खोली फाटकाला लागूनच आहे, खिडकी आतल्या अंगणाकडे. अंगणात एक कडुनिंब. रस्त्यावर जिकडं पाहावं तिकडं गुणवंतांचे फलक, एकेक पोर पुरुषभर उंच. आमच्या वेळी लातूर म्हणजे डाळीची आडत. आता सगळं गाव अभ्यास करून राहिलंय. बरं वाटलं. पुन्हा पोरांच्या गजबजाटात आलो.

१९ जून
हजेरीची माझी जुनी रीत सुरू केली. ‘हजर’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. कसा पोलीस ठाण्यात आल्यासारखा वाटतो. त्या खेड्यातल्या शाळेत मी प्रत्येक पोराला स्वतः रचलेली एकेक ओळ दिली होती. नाव पुकारलं की त्यानं आपली ओळ म्हणायची. इथंही तेच. उदगीरची जगदेवी आधी लाजली, मग सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. देगलूरची शिवांगी शांत आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार आहे. तिला दिली: ‘वळचणीला दिवा माझा, वाऱ्या जरा थांब.’ ती दोनदा पुटपुटली आणि हसली. इथं आल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणे.

हजेरी झाली की देविका सगळ्यांचे मोबाईल ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवते. देविका इथली व्यवस्थापक. मला काका म्हणते आणि लहान मुलावर रागवावं तशी रागावते.

२ जुलै
आज पालकांची बैठक. देविकानं पडद्यावर खोटे निरोप दाखवले: वीज तोडणार, पार्सल अडकलं, शिष्यवृत्ती लागली. अनोळखी लिंकवर बोट ठेवायचं नाही, मोबाईलवर आलेला आकडा सख्ख्या भावालाही सांगायचा नाही, आणि कुणी घाई करायला लागलं की समजायचं, दाल में कुछ काला है. तिनं पोटतिडकीनं सांगितलं.

मग मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो की आपल्याकडे याहून सोपी खूण आहे. माझा निरोप आला तर त्यात तुमच्या मुलीची ओळ असेल. ओळ असेल तर खरा, नसेल तर खोटा. टाळ्या पडल्या. देविकानं तेवढी टाळी वाजवली नाही. शिवांगीची आई कस्तुराबाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, मला लिवता वाचता येत न्हाई, पर पोरीची ओळ पाठ केली बगा,” आणि तिथंच हात जोडून, आरतीसारखी म्हणून दाखवली.

त्या भरात मी सगळ्यांना इंदूची गोष्ट सांगितली. त्या खेड्यातल्या माझ्या वर्गातली सगळ्यांत बारीक पोर. तिची ओळ: ‘पाण्यावर मी नाव लिहिते, पाणी वाचत जाई.’ विसर्जनाच्या सुट्टीला मी गावी गेलो आणि विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. परत आलो तेव्हा शाळा नव्हती. अर्ध्या ओळींना म्हणणारं कुणी नव्हतं. मन्मथ मोबाईलवर चित्रण करत होता.

२३ जुलै
आज मोठा आनंद.

दुपारी अनोळखी नंबरवरून निरोप आला. ‘गुरुजी, पाण्यावर मी नाव लिहिते, पाणी वाचत जाई. ओळखलंत?’

मी इंदूला मेलेली पाहिली नव्हती. कुणीच नीट पाहिली नव्हती. मृतांच्या यादीत नाव होतं, एवढंच. त्या वेळी कुठलं पोर कुणी कुठं नेलं, कुणाला ठाऊक? ती लिहिते की मामानं सीमेपलीकडे निजामाबादकडे नेलं, तिथंच लग्न झालं, मराठी आता अडखळते. पोरी, अडखळू दे.

मन्मथला सांगणार होतो. पण आधी खात्री करू म्हटलं. खरं कारण ते नाही. हा आनंद थोडे दिवस एकट्याचा ठेवावा असं वाटलं.

६ ऑगस्ट
इंदू आपल्या वर्गाचं स्मारक करते आहे. तिथं माझ्या आवाजातली हजेरी ऐकू यावी अशी तिची इच्छा. मी कडुनिंबाखाली बसून नावानिशी सगळ्या ओळी म्हटल्या आणि पाठवल्या. नव्या मुलींच्याही म्हणा, असा तिचा हट्ट. आम्ही गेलो तरी हजेरी चालू आहे हे कळू दे, असं तिनं लिहिलं. ‘आम्ही गेलो तरी.’ वाचून अंगावर काटा आला. पण कवितेच्या पोरी अशाच बोलतात. शिवांगीची ओळ मी विशेष सावकाश म्हटली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झालं. इंदूनं वर्गाचा जुना फोटो पाठवला, लिंकवर बोट ठेवलं की उघडतो म्हणाली. ठेवलं. मग मोबाईलवर एक आकडा येईल तो सांगा, म्हणजे फोटो तुमचाच होईल. सांगितला. देविकाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण ते अनोळखी माणसांसाठी होतं.

फोटो अर्धाच उघडला. बाकं दिसतात. बाकांवर कुणी नाही.

३० ऑगस्ट
उदगीरहून जगदेवीच्या वडिलांचा फोन. काल तुमच्या नंबरवरून आलेल्या निरोपाप्रमाणे पोरीची सगळी कागदं पाठवली, ओळ होती म्हणून बिनघोर पाठवली, असं म्हणाले आणि आभार मानले.

मी काल कुणालाही निरोप पाठवला नाही.

तसाच उठून ऑफिसात गेलो. देविका दोन नव्या मुलींना खोटे निरोप कसे ओळखायचे ते शिकवत होती. मला पाहून म्हणाली, “या काकांकडून शिका. ते कवितेत हरवतात, पण कुणाच्या बोलण्यात येत नाहीत.” पोरी कौतुकानं बघायला लागल्या. मी पाणी प्यायलो आणि परत आलो.

उद्या सांगेन.

११ सप्टेंबर
सांगितलं नाही. इंदूचा नंबर काढून टाकला. तरी आज तिचा निरोप आला: ‘आता सगळी मुलं हजर झाली, गुरुजी.’

मोबाईल बंद असला तरी गरम लागतो. उशाशी ठेवत नाही, पेटीत ठेवतो. हजेरीला पोरी ओळी म्हणतात आणि मला वाटतं, पेटीत कुणीतरी त्यांच्यामागून म्हणतं आहे.

मन्मथ सहज बोलता बोलता म्हणाला की तुमचं बैठकीतलं भाषण वसतिगृहाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलंय, इंदूची गोष्ट हजारोंनी ऐकली, लोक रडले म्हणे.

हजारोंनी ऐकली. तिची ओळही.

म्हणजे इंदू कधीच— ती यादीतच होती. मी तिला दुसऱ्यांदा गमावलं—

देविकाला आज सांगायलाच हवं. एवढंच म्हणायचं आहे, पोरी, मी फसलो. एवढी कविता पाठ, आणि हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत.

२७ सप्टेंबर
शिवांगी हजेरीला आली नाही.

नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग जगदेवी रडायला लागली. क्लास सुटल्यावर शिवांगीला माझा निरोप आला होता. लिहिलेला नव्हे. माझा आवाज. वडिलांना दवाखान्यात नेलंय, बसस्थानकावर माणूस उभा आहे त्याच्यासोबत नांदेडला जा, मोबाईल बंद ठेव, आईला आत्ताच सांगू नको, घाबरेल. जगदेवी म्हणत होती, आधी देविकाताईंना विचारू. शिवांगी म्हणाली, “ओळ म्हटली गं त्यांनी. गुरुजीच हायत.”

सावकाश म्हटलेली ओळ.

तिचे वडील देगलूरला शेतात होते. धडधाकट.

२८ सप्टेंबर
कस्तुराबाई आली. तिलाही माझाच आवाज गेला होता: पोर काही माणसांच्या ताब्यात आहे, ते सांगतील तसं करा, उलट विचारू नका. शेवटी पोरीची ओळ. त्यांनी सांगितलं तसं तिनं सगळं केलं. तरी पोर परत नाही.

तिनं मला तो आवाज ऐकवला. ऐकताना मला वाटलं, हे मी म्हटलंच असेल.

सगळ्यांसमोर सांगितलं. इंदू, फोटो, आकडा, सगळं. आणि तीस ऑगस्टपासून मला ठाऊक होतं, हेही. मन्मथ खाली बसला. देविका रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं की त्याच दिवशी का नाही सांगितलंत, काका, आपण रात्रीतून सगळ्यांना सावध केलं असतं. कस्तुराबाई माझ्या पाया पडायला वाकली, सवयीनं, आणि मध्येच थांबली.

२९ सप्टेंबर
माझा मोबाईल पोलिसांनी नेला. बरं झालं.

विसर्जनाचे ढोल कालच थांबले. भूकंपाच्या वर्षीही असंच सगळं शांत झालं होतं, आणि मग पहाटे—

पेटी रिकामी आहे. तरी ऐकू येतं.

३० सप्टेंबर
देविका, मन्मथ, कस्तुराबाई ठाण्यात. आम्ही येईपर्यंत फाटक कुणालाही उघडायचं नाही, कुणालाही म्हणजे कुणालाही, असं देविका बजावून गेली. ऑफिसला कुलूप, मोबाईल सगळे आत. दिवेलागण झाली. हजेरी घेतली. शिवांगीचं नाव गाळता येईना. पुकारलं.

फाटकाबाहेरून ओळ आली.

‘वळचणीला दिवा माझा, वाऱ्या जरा थांब.’

तिचाच आवाज. पोरी धावल्या. जगदेवी कडीला लोंबकळते आहे, गुरुजी, तीच हाय, उघडा की हो. किल्ली माझ्या हातात. मी सगळ्यांना मागं सारलं. ओळ बरोबर होती. पण म्हटली ती माझ्यासारखी, सावकाश, ‘जरा’वर थांबून—

पत्र्याचं फाटक. खालच्या फटीतून पाहिलं. पाय दिसत नाहीत, चपला नाहीत. निळसर उजेड, मोबाईलचा असतो तसा. पायरीवर बसली असेल. अनवाणी आली असेल, पळत, लांबून—

विचारलं, ओळ नको पोरी, दुसरं काही सांग. आईचं नाव सांग. काहीही.

मग रडण्यासारखं काही. मग—

‘पाण्यावर मी नाव लिहिते, पाणी वाचत जाई.’

शिवांगीला ती ओळ माहीत आहे, मीच सांगितली होती. घाबरलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार, मला पटावं म्हणून— पण तिला नेणाऱ्यांनाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मीच—

मी टेबलाशी येऊन हे लिहितो आहे, कारण विचारायला कुणी नाही. मागं पोरी ओरडताहेत. बाहेरचा आवाज बारीक होत चाललाय. दूर जाते आहे. ती असेल आणि मी उघडलं नाही तर दुसऱ्यांदा एक पोर गमावली. ती नसेल आणि उघडलं तर आत या सगळ्या—

गुरुजी, म्हणते आहे. माझं नाव पुकारा.

पुकारतो. पोरी, थांब, मी किल्ली