एकच पेला

डॉक्टर नोरझोम-ले, जुले.

तुम्ही माझ्या सासऱ्यांना, आबा-लेंना, विचारलंत, "लोणी-मिठाचा चहा दिवसाला किती पेले?" ते छाती फुगवून म्हणाले, "एकच!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीही मान डोलावली.

ते खोटं बोलले नव्हते. पेला एकच असतो. पण दोन घोट कमी झाले की सुनेनं तो काठोकाठ भरायचा, नाहीतर गावभर माझी शोभा. पहाटेपासून झोपेपर्यंत तो एक पेला संपतच नाही. तुम्हीही लडाखीच ना? तुम्हाला कसं सुचलं नाही?

पण मला तर ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. "एवढ्या उंचीवर रक्त आधीच घट्ट, रक्तवाहिन्या कडक झाल्यात. मीठ तोडा," असं तुम्ही बजावलं होतं. घरी एकदा मी किटली खाली ठेवली, तर म्हणाले, "काय गं, सासरा जड झाला?" मी पुन्हा उचलली.

परवा त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. खिंड बर्फानं बंद आहे. ती उघडली तरी हे पत्र मी धाडणार नाही.

आज सवयीनं पेला भरायला वाकले, तर त्यांनी डावा हात उचलून पेल्यावर ठेवला. आमच्याकडे असा हात ठेवतो तो निघायला उठलेला पाहुणा.

मी तो हात बाजूला केला आणि पेला काठोकाठ भरला.

तुमच्यासमोर मान डोलावणारी,
यांगडोल