वेच्याखालचं नाव

४ ऑगस्ट

शाळा सुरू. हजेरी घेताना प्रॅटनंतर थांबले. प्रॅट, मग किरोझ — दोन वर्षं जिभेला हाच क्रम. अकरावीची सगळी मुलं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी रॅसमसन नावाच्या नव्या मुलीने न पुकारताच लॅटिनमध्ये “आद्सुम” म्हणून टाकलं. हजर आहे म्हणे! नोएमीच्याच बाकावर. आमच्याकडे प्रवेशाच्या सोडतीत नाव लागावं म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, जागा रिकामी राहते कुठे? पोरीचा काय दोष. तरी मला तिचा राग आला.

नोएमी किरोझ मे महिन्यात गेली. कालव्याकडेच्या रस्त्यावरून गाडी पाण्यात, एकटीच चालवत होती. पोलीस म्हणाले, अपघात. रस्ता सरळ आहे तो. मी जाऊन बघितलाय.

वर्षअखेरीला पुन्हा तपासायला दिलेली तिची वेच्यांची वही माझ्या कपाटात आहे.

५ ऑगस्ट

कपाट उघडलं नाही.

८ ऑगस्ट

तिची आई आली होती. डेल्फिना. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते, हात कोपरापर्यंत लाल. घरात आता ती एकटीच.

“बाई, तिची ती वही... मोठमोठ्यांची वाक्यं उतरवायची ती. तुमच्याकडे तपासायला होती ना?”

“शोधते,” म्हणाले.

शोधते! चार हात अंतरावर होती. खोटं बोलताना इतकी वर्षं शिकवलेलं एकही वाक्य आडवं आलं नाही.

ही इमारत पूर्वी सुपरमार्केट होती. माझ्या वर्गाच्या जागी गोठवलेले मटार मिळायचे, जुने पालक अजून सांगतात. तो गारठा भिंतीतच राहिलाय की काय! बाहेर वाळवंट भाजतंय आणि माझी पाठ गार.

१२ ऑगस्ट

लिहून टाकते एकदाचं.

पान सत्तावीस. तिच्या त्या नीट, उजवीकडे कललेल्या अक्षरात एकच ओळ — “माझ्यावाचून हे घर हलकं होईल, सगळ्यांना नीट श्वास घेता येईल.” खाली नाव नाही. बाकी प्रत्येक वेच्याखाली आहे.

मी मार्चमध्ये तपासली. मला वाटलं, कुणी रोमन म्हातारा. लाल शाईने लिहिलं : “सुंदर! पण कोणाचं? नाव नाही. दोन गुण वजा.”

ती मधल्या सुट्टीत टेबलाशी आली.

“बाई, नाव द्यायलाच हवं?”

“वेचा म्हटला की नाव आलंच. दुसऱ्याचं शहाणपण असं फुकटात वापरायचं नाही.”

“मग गुण जाऊ देत,” म्हणाली. आणि हसली. मीही हसले! सोळा वर्षांची मुलगी माझ्यापुढे उभी, आणि मी दोन गुण कापून मोकळी. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने ते वाक्य वाचून विचारलं असतं, काय गं, काय झालंय? मी विचारलं, कोणाचं.

१५ ऑगस्ट

हेडमास्तर लिंडक्विस्टना सांगितलं. टाय सैल करून त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

“पोलिसांनी अपघात म्हटलंय ना? मग आईला कशाला...”

“वही तिची आहे.”

“वही द्या ना. एक पान कमी असलं तर कुणाला कळतंय?”

माणूस वाईट नाही. रोज सकाळी दारात उभा राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवतो. ‘सत्य’ हा शब्द आमच्या त्याच दारावर कोरलाय.

२० ऑगस्ट

ब्लेड आणलं. पान सपाट केलं. मागच्या बाजूला अठ्ठावीस आहे — लिंबाच्या झाडावरच्या चार ओळी, नावासकट, आणि समासात तिने काढलेलं लिंबू. ते कापू शकले नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

देऊन आले. घरीच गेले. अंगणातला कुत्रा माझ्यावर भुंकला नाही, नुसता गाडीकडे बघत बसला.

डेल्फिनाने बीन्स गरम केले, जबरदस्तीने वाढले. वही मांडीवर घेऊन बसली, उघडली नाही.

“ऊन डोळ्यांवर आलं असणार तिच्या. सकाळी तिथं येतंच समोरून. तेवढं एक धरून मी झोपते, बाई.”

मी बीन्स खात राहिले.

“एकदम नाही वाचणार,” म्हणाली. “रोज एक पान. तेवढेच दिवस पुरेल.”

२४ ऑगस्ट

आज पान दोन.

३१ ऑगस्ट

पान नऊ. मैत्रीवरचं आहे, छान आहे. डेल्फिनाने मेसेज पाठवला, “किती सुंदर लिहायची.”

९ सप्टेंबर

अठरा. वर्गात कोण काय म्हणतं, माझं लक्ष नसतं. रॅसमसनने विचारलं, “बाई, मी दुसऱ्या बाकावर बसू का?” तिलाही कळलंय. बिचारी. नको म्हटलं, तिथेच बस.

१७ सप्टेंबर

सव्वीस. उद्या. पुढे होऊन आज सांगायला हवं होतं. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

१८ सप्टेंबर

सत्तावीस. फोन जवळ घेऊन बसले होते. आला नाही.

१९ सप्टेंबर

सकाळी वही माझ्या टपालाच्या खणात. ऑफिसातली म्हणाली, “त्या आई स्वतः देऊन गेल्या. छान दिसत होत्या, केस-बिस विंचरलेले. म्हणाल्या, आता बाईंकडेच राहू दे.”

पान सत्तावीस. माझ्या लाल प्रश्नाखाली पेन्सिलीने :

“माझं. जानेवारीत भांडी घासताना बोलले होते, मी एकटीच आहे असं समजून. तिने ऐकलं होतं. नाव घातलं नाही माझं, गुण घालवले. — डेल्फिना किरोझ.”

तिचा फोन नुसता वाजतोय, ती उचलत नाही. पोलिसांना कळवलं. लिंडक्विस्ट गाडी दाराशी आणतायत. हॉर्न वाजला.